श्रद्धा, सत्य आणि शब्द : जर्मन ख्रिस्ती मंडळींतील संघर्ष (१९३३–१९४५)

१

श्रद्धा आणि सत्य या दोन कल्पनांचा परस्परसंबंध कोणता, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या धर्मपरंपरांनी निरनिराळे दिले आहे. ख्रिस्ती धर्माचा पूर्ववारसा ज्या हिब्रू भाषेत जतन झाला, त्या भाषेत सत्यवाचक 'एमेथ' आणि विश्वास किंवा निष्ठा या अर्थाचा 'एमुना' हे दोन्ही शब्द एकाच त्रिव्यंजनी धातूपासून साधलेले आहेत. दृढ असणे, भरंवशास पात्र असणे, असा त्या धातूचा अर्थ सांगितला जातो. मराठी ख्रिस्ती मनुष्य प्रार्थनेच्या शेवटी जो 'आमेन' शब्द उच्चारतो, तोही याच धातूचा होय. या साम्यावरून श्रद्धा आणि सत्य ही हिब्रू मनाला एकच वाटत होती, असे अनुमान काढण्याचा मोह अनेक धर्मशास्त्रज्ञांना झाला. परंतु धातूच्या अर्थावरून शब्दाचा प्रयोगातील अर्थ सिद्ध होत नाही, हे जेम्स बार या विद्वानाने १९६१ मध्ये पुराव्यानिशी दाखवून दिले आणि अशा अनुमानांना चांगलाच आळा बसला.

म्हणून श्रद्धा आणि सत्य यांचे नाते कोशात न शोधता इतिहासात शोधणे अधिक सुरक्षित. दहा आज्ञांमध्ये असत्याचा जो निषेध आहे, तो शेजाऱ्याविरुद्ध द्यावयाच्या खोट्या साक्षीचा निषेध आहे, ही गोष्ट मात्र धातूवर नव्हे, वाक्यावरच आधारलेली आहे. त्या आज्ञेत असत्याचा विचार ते ज्याच्यावर कोसळते त्या माणसापासून सुरू होतो. राज्यसत्तेने असत्याचा कारखानाच उघडला असता ख्रिस्ती मंडळींनी या आज्ञेचे पालन कितपत केले, हे पाहण्यास १९३३ ते १९४५ या काळातील जर्मनीचा इतिहास विशेष उपयोगी आहे. या काळाची साधने विपुल आहेत. शिवाय त्या संघर्षाचा बराचसा भाग प्रत्यक्ष शब्दांच्या भूमीवरच लढला गेला.

२

१९३३ च्या आरंभी जर्मनीच्या लोकसंख्येपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक प्रॉटेस्टंट व एक तृतीयांश रोमन कॅथॉलिक होते. प्रॉटेस्टंट मंडळी एकसंध नव्हती. लूथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त अशा तीन परंपरांची २८ प्रादेशिक चर्चे होती. पहिल्या महायुद्धातील पराभव, राजेशाहीचा अस्त आणि वायमार प्रजासत्ताकाविषयीची अढी यांमुळे या मंडळींतील फार मोठ्या वर्गाने ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला तेव्हा त्याचे मनापासून स्वागत केले. पुढे हिटलरच्या बंदिवासात आठ वर्षे काढणारे पाद्री मार्टिन नीमोलर यांनीही त्या पक्षाला मत दिले होते. हा तपशील विसरून या संघर्षाचे चित्र काढल्यास ते भक्तिपर होईल, ऐतिहासिक होणार नाही.

'जर्मन ख्रिस्ती' या नावाचा गट १९३२ मध्ये स्थापन झाला होता. ख्रिस्ती धर्म आणि वंशवाद यांची सांगड घालून प्रादेशिक चर्चांचे एकच राष्ट्रीय चर्च बनवावे, असा त्याचा उद्देश होता. २३ जुलै १९३३ च्या चर्च-निवडणुकांच्या आदल्या रात्री खुद्द हिटलरने नभोवाणीवरून या गटाचा पुरस्कार केला आणि गटाला सुमारे दोन तृतीयांश मते पडली. सप्टेंबरच्या आरंभी प्रशियाच्या धर्मसभेने 'आर्य कलम' स्वीकारले. ज्यू वंशाच्या मनुष्याने बाप्तिस्मा घेतलेला असला तरी त्याला चर्चमध्ये अधिकारपद मिळू नये, असा त्याचा आशय. त्याच महिन्याच्या अखेरीस लुडविग म्युलर हे राष्ट्रीय बिशप म्हणून निवडून आले. बाप्तिस्म्याने मनुष्य नवा होतो, ही ख्रिस्ती धर्माची आद्य शिकवण. ती या एका कलमाने रक्ताच्या नोंदवहीपुढे गौण ठरली.

३

या घटनांकडे भाषेच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. नवी राजवट नवे शब्द फारसे घडवीत नव्हती. जुन्या, पूज्य शब्दांतच ती नवा अर्थ भरीत होती. ड्रेस्डेन येथील रोमान्स भाषांचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी ही प्रक्रिया दिवसागणिक टिपून ठेवली. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या क्लेम्पेरर यांनी प्रॉटेस्टंट धर्माचा बाप्तिस्मा घेतला होता. पण त्यामुळे राज्याच्या दृष्टीने ते 'आर्य' झाले नाहीत. १९३५ मध्ये त्यांचे अध्यापनपद गेले, पुढे वाचनालयाचे दारही बंद झाले. पत्नी 'आर्य' असल्यामुळे ते हद्दपारीतून वाचले. त्यांच्या टिपणांवरून सिद्ध झालेला ग्रंथ १९४७ मध्ये आणि दैनंदिनी त्यांच्या मृत्यूनंतर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. 'धर्मवेडा' या अर्थाचा निंदाव्यंजक जर्मन शब्द राजवटीच्या तोंडी स्तुतिवाचक कसा झाला, 'शाश्वत', 'श्रद्धा' यांसारखे उपासनेतील शब्द नेत्याच्या चरणी कसे वाहिले गेले, हे त्यांनी उदाहरणांनिशी दाखविले. अशा शब्दांचा परिणाम अल्प प्रमाणात पोटात जाणाऱ्या सोमलासारखा असतो. घेताना काही वाटत नाही, कालांतराने विष भिनल्याचे कळते, असे त्यांचे निदान आहे.

चर्चच्या आतही हेच घडत होते. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात 'जर्मन ख्रिस्ती' गटाची सुमारे वीस हजारांची सभा भरली. तीत राइनहोल्ड क्राउझे या वक्त्याने जुना करार टाकून द्यावा आणि संत पौलाची शिकवणही चाळून घ्यावी, अशी मागणी केली. तिचा इतका गवगवा झाला की त्या गटाचे पुष्कळ अनुयायी गळाले. परंतु मागणी मेली नाही. पुढे तिने विद्वत्तेचा पोशाख केला. मे १९३९ मध्ये आयझेनाख येथे, लूथरने जेथे नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले त्या वार्टबुर्ग किल्ल्यात, जर्मन चर्चजीवनावरील ज्यू प्रभावाचे संशोधन व उच्चाटन करणाऱ्या संस्थेचे उद्घाटन झाले. तिचे विद्याविषयक प्रमुख वाल्टर ग्रुंडमान हे नव्या कराराचे प्राध्यापक होते. येशू हा गालीलचा, आणि गालीलची प्रजा मिश्र, म्हणून तो वंशाने ज्यू नसला पाहिजे, असा तर्क त्यांनी १९४० च्या ग्रंथात मांडला. त्याच वर्षी संस्थेने नव्या कराराची 'शुद्ध' केलेली आवृत्ती काढली आणि १९४१ मध्ये उपासनागीतांचे पुस्तक छापले. त्यातून 'हालेलूया', 'होसान्ना', 'सियोन' यांसारखे हिब्रू शब्द वगळण्यात आले.

या संशोधनाला तळटिपा होत्या, परिभाषा होती, विद्यापीठीय पदव्यांचे पाठबळ होते. अज्ञानातून पसरणारी अफवा आणि ज्ञानाच्या साधनांनी घडविलेले असत्य यांत भेद केला पाहिजे. निष्कर्ष आधी ठरला आणि पुरावा मागाहून गोळा केला गेला, एवढ्या एका दोषाने ती सारी विद्वत्ता सडली. विद्यापीठांत काम करणाऱ्यांना हे प्रकरण अधिक अस्वस्थ करणारे आहे, कारण ग्रुंडमान यांच्या पद्धतीची बाह्य अंगे त्यांना परिचयाची वाटतात. युद्धानंतर ग्रुंडमान यांना पूर्व जर्मनीतील चर्चच्या शिक्षणसंस्थांत पुन्हा काम मिळाले आणि त्यांची शुभवर्तमानांवरील भाष्ये अभ्यासक वापरीत राहिले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

४

विरोधाची पहिली संघटित कृती म्हणजे नीमोलर यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १९३३ मध्ये स्थापन झालेला पाद्र्यांचा आपत्कालीन संघ. आर्य कलमास नकार ही त्याच्या प्रतिज्ञेतील एक अट होती. काही महिन्यांतच देशातील सुमारे एक तृतीयांश पाद्री त्यात सामील झाले. यातूनच पुढे विश्वासाचा जाहीर अंगीकार करणारी मंडळी, म्हणजे 'बेकेनेंडे किर्खे', उभी राहिली. २९ ते ३१ मे १९३४ या काळात वुपरटाल शहरातील बार्मेन भागात तिची धर्मसभा भरली. १८ प्रादेशिक चर्चांचे १३९ प्रतिनिधी तीत उपस्थित होते. लूथरन, रिफॉर्म्ड व संयुक्त या परंपरा शतकानुशतके एकमेकींपासून अंतर राखून होत्या. त्यांनी तेथे एकत्रितपणे सहा प्रमेयांचे निवेदन संमत केले. त्याचा मसुदा मुख्यतः बॉन येथील प्राध्यापक कार्ल बार्थ यांनी केला होता.

या निवेदनाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक प्रमेयाचे तीन भाग आहेत : प्रथम बायबलमधील वचन, मग त्यावरून निघणारे विधान आणि शेवटी त्या विधानाशी विसंगत अशा खोट्या शिकवणीचा निषेध. होकार आणि नकार एकाच श्वासात उच्चारले गेल्यामुळे शब्द सैल ठेवण्यास वाव राहिला नाही. 'ख्रिस्त' हा शब्द 'जर्मन ख्रिस्ती' गटही उच्चारीत होता. परंतु ख्रिस्ताखेरीज अन्य घटना, सत्ता किंवा पुरुष यांना ईश्वरी प्रकटीकरणाचे स्थान देणे म्हणजे खोटी शिकवण, असे पहिल्या प्रमेयाने म्हटल्यावर त्या शब्दाची द्व्यर्थता संपली. राज्याला न्याय व शांतता राखण्याचे कार्य ईश्वराने दिले आहे, हे पाचव्या प्रमेयाने मान्य केले. पण मानवी जीवनाची एकमेव आणि सर्वंकष व्यवस्था होण्याचा राज्याचा दावा नाकारला. हिटलरला बिनशर्त निष्ठेची शपथ वाहण्यास नकार दिल्याने बार्थ यांना पुढे बॉनचे पद सोडावे लागले आणि १९३५ मध्ये ते मायदेशी, स्वित्झर्लंडला परतले.

बार्मेनचे महत्त्व यात आहे की एका सार्वत्रिक दिशाभुलीच्या काळात काही माणसांनी आपल्या शब्दांच्या सीमा आखल्या आणि त्या सीमांची किंमत मोजण्याची तयारी दाखविली. परंतु या निवेदनात ज्यू हा शब्द एकदाही येत नाही.

५

हे मौन अनवधानाचे नव्हते. बार्मेनला जमलेल्या प्रतिनिधींत चर्चचे स्वातंत्र्य राखण्यास उत्सुक असणारे पुष्कळ होते. ज्यू नागरिकांसाठी राज्याशी भांडण्यास तयार असणारे थोडे होते. डीट्रिख बोनहोफर या तरुण धर्मशास्त्रज्ञाने एप्रिल १९३३ मध्येच चर्चपुढील तीन मार्ग सांगितले होते : राज्याला त्याच्या कृत्याचा जाब विचारणे, चाकाखाली सापडलेल्यांची शुश्रूषा करणे आणि प्रसंगी चाकालाच खीळ घालणे. तथापि त्याच निबंधात ज्यूंविषयीच्या जुन्या धर्मशास्त्रीय पूर्वग्रहाची वाक्येही आहेत. दृष्टी स्वच्छ असलेल्या माणसाच्या भाषेतही पिढीजात मळ किती खोल असतो, याचे हे उदाहरण होय.

या मौनाविरुद्ध जे आवाज उठले ते बहुधा मोठ्या पदांवरील माणसांचे नव्हते. एलिझाबेथ श्मिट्स या बर्लिनमधील माध्यमिक शाळेच्या शिक्षिका. इतिहासात त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. १९३५ मध्ये त्यांनी जर्मनीतील 'आर्येतर' लोकांच्या स्थितीवर एक निवेदन लिहिले. शाळेतील मुलांचे हाल, दुकानांवरील बहिष्कार, शेजाऱ्यांची वागणूक यांची नेमकी उदाहरणे त्यात दिली होती आणि चर्च गप्प का, असा रोखठोक प्रश्न विचारला होता. मे १९३६ मध्ये पुरवणी जोडून त्याच्या सुमारे २०० प्रती त्यांनी निनावी वाटल्या. मंडळीच्या नेतृत्वाने त्याची सार्वजनिक दखल घेतली नाही. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर, राज्याला अभिप्रेत असलेले शिक्षण आपण देऊ शकत नाही, असे कळवून त्यांनी नोकरी सोडली. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले. ते निवेदन दीर्घकाळ दुसऱ्याच एका स्त्रीच्या नावावर मोडत होते. श्मिट्स यांचे कर्तृत्व १९९९ मध्ये उजेडात आले.

फ्रीड्रिख वाइसलर यांची कथा अधिक दुःखद आहे. ज्यू वंशाचे, बाल्यातच बाप्तिस्मा झालेले हे न्यायाधीश १९३३ मध्ये पदच्युत झाले आणि पुढे 'बेकेनेंडे किर्खे'च्या हंगामी नेतृत्वाच्या कचेरीचे काम पाहू लागले. जून १९३६ मध्ये या नेतृत्वाने हिटलरकडे एक खासगी निवेदन धाडले. ज्यूंचा द्वेष करण्याची सक्ती ख्रिस्ती शेजारप्रेमाच्या आज्ञेशी विसंगत आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. निवेदनाचा मजकूर परदेशी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला. वाइसलर यांच्यावर संशय येऊन ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली. मंडळीच्या नेत्यांनी त्यांच्यापासून हात झटकले. फेब्रुवारी १९३७ मध्ये साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत नेल्यानंतर आठवड्याच्या आत त्यांचा खून झाला. ज्या मंडळीच्या सत्यनिष्ठेसाठी त्यांनी प्राण दिले, तिनेच त्यांना अटकेच्या वेळी एकटे सोडले होते.

नोव्हेंबर १९३८ मध्ये सभास्थाने जळाली तेव्हाही अधिकृत मंडळ्या गप्पच राहिल्या. ओबरलेनिंगेन या लहानशा गावाचे पाद्री युलिउस फोन यान यांनी १६ नोव्हेंबरच्या पश्चात्तापदिनी मात्र व्यासपीठावरून या अपराधाला अपराध म्हटले. जमावाने त्यांना मारहाण केली आणि पुढे न्यायालयाने तुरुंगात धाडले. बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथीड्रलचे प्रमुख बेर्नहार्ड लिख्टेनबेर्ग यांनी त्या दिवसापासून रोजच्या सायंप्रार्थनेत ज्यूंसाठी नाव घेऊन प्रार्थना सुरू केली. १९४१ मध्ये त्यांना अटक झाली आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये डाखाऊच्या वाटेवर त्यांचा अंत झाला.

६

राज्याच्या असत्याला कागदी पुराव्याचे रूप कसे येते, हे अपंग व मनोरुग्णांच्या हत्येच्या प्रकरणावरून दिसते. १९४० च्या आरंभापासून ऑगस्ट १९४१ पर्यंत सहा केंद्रांत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण विषारी वायूने मारले गेले. यासाठी 'कृपामृत्यू' हा शब्द योजला होता. नातेवाइकांना सांत्वनपत्र, मृत्यूचा दाखला आणि मागणी केल्यास अस्थिकलश पाठविला जाई. दाखल्यावरील मृत्यूचे कारण बनावट असे, सही करणाऱ्या डॉक्टरचे नावही बहुधा खोटे असे. अशा पत्रांची संख्या वाढू लागताच त्यांतील विसंगती उघड्या पडल्या. ज्याचे अपेंडिक्स पूर्वीच काढले होते त्याला अपेंडिक्सच्या विकाराने मृत्यू आला, अशीही नोंद झाली. सामान्य कुटुंबांनी दाखला ताडून पाहिला आणि त्याचा खोटेपणा ओळखला.

वुर्टेम्बेर्गचे प्रॉटेस्टंट बिशप टेओफिल वुर्म यांनी जुलै १९४० मध्ये गृहमंत्र्याकडे लेखी निषेध केला. म्युन्स्टरचे कॅथॉलिक बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फोन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी हा विषय जाहीर प्रवचनात आणला. या प्रवचनाचे बळ अलंकारांत नाही. जर्मन दंडसंहितेतील खुनाचे कलम त्यांनी वाचून दाखविले, खुनाचा बेत ठाऊक असून तो न कळविणाराही गुन्हेगार ठरतो हे दाखविले आणि आपण तशी फिर्याद दाखल केली आहे, असे सांगितले. राज्य ज्याला 'कृपा' म्हणत होते त्याला कायद्यातीलच नाव परत मिळाले. प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर पसरल्या. २४ ऑगस्ट रोजी हिटलरने वायुकेंद्रांतील हत्या थांबविण्याचा आदेश दिला. उपासमार व औषधे यांच्या द्वारा त्या इतरत्र चालूच राहिल्या. ही प्रवचने वाटल्याच्या व अन्य आरोपांवरून ल्यूबेक येथील तीन कॅथॉलिक धर्मगुरू आणि प्रॉटेस्टंट पाद्री कार्ल फ्रीड्रिख श्टेलब्रिंक यांचा १० नोव्हेंबर १९४३ रोजी शिरच्छेद झाला. श्टेलब्रिंक हे पूर्वी नाझी पक्षाचे सदस्य होते. असत्यावर एकदा विश्वास ठेवलेला मनुष्य त्यातून बाहेर पडू शकतो, एवढे त्यांच्या मृत्यूने दाखविले. आणि गालेन यांनी ज्यूंच्या हद्दपारीविरुद्ध असे जाहीर प्रवचन कधी केले नाही, हेही त्याच प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

७

सत्य म्हणजे वस्तुस्थितीशी जुळणारे विधान, एवढी व्याख्या या काळात अपुरी पडली, याचा सर्वांत सूक्ष्म विचार बोनहोफर यांनी केला. हिटलरविरोधी कटाशी संबंधित असल्याने ते वर्षानुवर्षे दुहेरी जीवन जगत होते. ५ एप्रिल १९४३ रोजी अटक झाल्यावर चौकशी अधिकाऱ्यांची दिशाभूल करणे त्यांना भागच होते. तेगेलच्या तुरुंगात त्यांनी सत्य बोलणे म्हणजे काय, या विषयावर एक निबंध लिहावयास घेतला. तो अपुराच राहिला. त्यातील उदाहरण प्रसिद्ध आहे. शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतो, तुझा बाप वरचेवर दारू पिऊन घरी येतो काय? ती गोष्ट खरी असते, पण मुलगा नाही म्हणतो. त्याचे उत्तर असत्य आहे. तथापि घराच्या आतल्या गोष्टीत डोकावण्याचा शिक्षकाला अधिकार नाही, हे सत्य त्या उत्तरात आहे. बोनहोफर यांच्या मते असत्याची जबाबदारी येथे प्रश्न विचारणाऱ्यावर पडते.

हे प्रतिपादन धोक्याचे आहे. सोयीस्कर खोटेपणाला त्याचा आडोसा मिळू शकतो. परंतु त्यामागील कसोटी सोयीची नाही : आपला शब्द कोणाच्या हवाली कोणाला करतो, हे बोलणाऱ्याने पाहिले पाहिजे. लपलेल्या ज्यू कुटुंबाचा पत्ता पोलिसांना बिनचूक सांगणारा वस्तुस्थितीला धरून बोलला, तरी शेजाऱ्याविरुद्ध त्याने द्यावयाची नव्हती तीच साक्ष दिली. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग येथे बोनहोफर यांना फाशी देण्यात आले.

८

युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये प्रॉटेस्टंट नेत्यांनी श्टुटगार्ट येथे अपराधाची कबुली दिली. तीतही ज्यूंचा उल्लेख नव्हता. तो अधिकृतपणे येण्यास १९५० ची बर्लिन-वाइसेनझे येथील धर्मसभा उजाडावी लागली. बार्थ यांनी १९६७ मध्ये बोनहोफर यांचे चरित्रकार एबरहार्ड बेटगे यांना लिहिलेल्या पत्रात मान्य केले की बार्मेनच्या वेळी ज्यूंचा प्रश्न आपण निर्णायक मानला नाही, हा आपला अपराध होय. तसा मजकूर १९३४ च्या सभेने स्वीकारला नसता, हे खरे असले तरी आपण त्यासाठी झगडलो नाही, याचे समर्थन त्यामुळे होत नाही, असेही त्यांनी म्हटले.

हे पत्र या साऱ्या इतिहासाचे सार सांगते. बार्मेनच्या निवेदनातील एकही वाक्य खोटे नाही, आणि तरी ते पुरेसे सत्य नव्हते. ज्यांनी शिकवणीची शुद्धता राखली त्यांनी चर्चला वाचविले. ज्यांनी शेजाऱ्याचे नाव घेतले त्यांनी त्या शिकवणीचा अर्थ राखला. या दुसऱ्या वर्गातील माणसे थोडी होती. त्यांत एक शिक्षिका होती, एक पदच्युत न्यायाधीश होता, एक खेड्यातला पाद्री होता. त्यांच्यापाशी राज्याहून अधिक माहिती होती असे नाही. दाखला, कायद्याचे कलम, शाळेतल्या मुलाचे हाल, एवढीच त्यांची साधने होती. आणि जे दिसले त्याला त्याचेच नाव द्यावयाचे, एवढा त्यांचा निर्धार होता.

आयझेनाखच्या संस्थेने गीतपुस्तकातून जे हिब्रू शब्द काढले ते युद्धानंतर जर्मन उपासनेत परत आले. शब्द परत आणणे तुलनेने सोपे होते. ज्यांच्या पूर्वजांची ती भाषा होती ती माणसे परत आली नाहीत. धातूवरून अर्थ सिद्ध होत नाही, हे भाषाशास्त्राने शिकविलेच आहे. श्रद्धा आणि सत्य यांचे नाते 'आमेन' या शब्दात आपोआप साठविलेले नसते. ज्याच्या विरुद्ध खोटी साक्ष दिली जात आहे त्याच्या बाजूने जो उभा राहतो, त्याच्याच तोंडी ते नाते खरे होते.